मागच्या चाकात कोंबो?

मालवणात चार दिवस पाऊस लागला, गाडी दारातच उभी राहिली. पाचव्या दिवशी बाहेर काढली, ब्रेक मारला, आणि मागून ‘चींऽऽ’! शेजारी विचारणारच, “मागच्या चाकात कोंबो पाळलंस काय रे?”

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. खाऱ्या, दमट हवेने ड्रमला आतून गंज धरतो. रिकाम्या रस्त्यावर पाच-सात वेळा हळू ब्रेक मारून आवाज गेला, तर तो वरवरचा गंज होता. विषय संपला.

दिवसभर आवाज राहिला, तर ड्रम उघडायचा. सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दगड लावा, मग हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच. आतली धूळ फुंकू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने धुवा. लायनर चकाकत असतील तर पॉलिश पेपर फिरवा. शू मागच्या प्लेटवर जिथे घासतात, तिथे ब्रेकचं ग्रीस, अगदी टिपूसभर. लायनरला ते लागता कामा नये. लायनर झिजलेत? दोन्ही चाकांचे एकदम बदला.

आत ओलं दिसलं तर व्हील सिलिंडर गळत असेल. मग करूळ, आंबोली घाट विसरा. आधी मेकॅनिक बोलवा.

आणि पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. येतंय तर मग, पुढच्या भागात भेटू!