एकास पस्तीस

(सभागृहात झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



अध्यक्षांनी मला माझ्या छंदाविषयी बोलावयास सांगितले आहे. निवृत्तीनंतर मी लष्करी वाहनांच्या लहान प्रतिकृती बांधतो आणि रंगवतो. प्रमाण एकास पस्तीस. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस येथे बरोबर पाच सेंटिमीटरचा होतो.

यंदा मी सेंच्युरियन रणगाडा बांधला. मूळचा तो ब्रिटिश. आपल्या सैन्याने त्यात 105 मिलिमीटरची तोफ व डिझेल इंजिन बसवले आणि त्याला 'शोत', म्हणजे चाबूक, असे नाव दिले. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले शेकडो भाग येतात. प्रत्येक भाग कापायचा, कानशीने घासायचा आणि मगच चिकटवायचा. चिकटवण्याचा द्रव प्लास्टिक किंचित वितळवून दोन भाग एकजीव करतो. त्यामुळे चुकलेला सांधा मागाहून सहजी सुटत नाही.

रंगाची परीक्षा त्याहून कठीण. आपल्या रणगाड्यांच्या रंगाला 'सिनाईचा करडा' म्हणतात. परंतु उन्हाने विटून तो कुठे हिरवट, कुठे वाळूसारखा दिसे. नवशिका त्यावर पिवळी धूळ चढवतो. ती सिनाईला शोभते. गोलानचा दगड काळा बसाल्ट आहे आणि तेथील माती तपकिरी. बाजूच्या पत्र्यावरील पांढऱ्या बाणासारख्या चिन्हाच्या दिशेवरून कंपनी कळते, तोफेच्या नळीवरील पट्ट्यांवरून बटालियन. हे मला पुस्तकात शोधावे लागले नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये गोलानवर अशाच रणगाड्यात मी तोफेत गोळे भरीत होतो.

आत आम्ही चौघे होतो: कमांडर, तोफ डागणारा, मी आणि चालक. चालक पुढे उजवीकडे बसतो; त्याच्या डोक्यावर दोन फळ्यांचे झाकण असते. प्रतिकृतीत ते उघडे चिकटवावे की बंद, हे बांधणाऱ्याने ठरवायचे. त्या दोन फळ्या माझ्या टेबलावर पाच आठवडे पडून राहिल्या. शेवटी नातवाने विचारले, "आजोबा, हे का राहिलंय? इथे कोण बसायचं?"

चौघांपैकी तो एकटाच परतला नाही. इतक्या वर्षांत मी हे घरी कोणालाच सांगितले नव्हते. त्याच्या आईला भेटावयासही गेलो नव्हतो. पहिल्या वर्षी धीर झाला नाही, पुढे उशीर झाल्याची लाज वाटली, आणि मग ती माउलीही गेली.

कुलाबा जिल्ह्यातील आमच्या गावी किप्पूरला 'दारफाळणीचा सण' म्हणत. तो दिवस दारे लावून देवासमोर काढायचा आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दारे उघडून एकमेकांच्या घरी जायचे. माझ्या ध्यानात आले, की त्या किप्पूरला लागलेले एक दार मी आजवर उघडलेच नव्हते.

यंदा शिळ्या सणाला नातवाला घेऊन मी त्याच्या बहिणीकडे गेलो. त्यांनी रणगाडा दोन्ही हातांत धरला आणि विचारले, "तो कुठे बसायचा?" मी बोट ठेवले. "तिथून त्याला बाहेरचं दिसायचं का?" मी म्हणालो, "झाकण उघडं असलं, की हर्मोनपर्यंत दिसायचं." त्या म्हणाल्या, "मग ते उघडंच राहू द्या."

त्याच रात्री मी त्या फळ्या उघड्या चिकटवल्या.

माझी सून म्हणते, रणगाडा हे खेळणे नव्हे, ते घरात मिरवू नये. तिचे म्हणणे मला मान्य आहे. तिचा मुलगा पुढील वर्षी सैन्यात जाणार आहे. म्हणून ही प्रतिकृती आता दिवाणखान्यात नाही. ती त्या बहिणीच्या घरी आहे.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या मनात असे जायचे राहिलेले एखादे घर असेल, त्यांना माझी एवढीच विनंती: पुढच्या शिळ्या सणाची वाट पाहू नका.