बंदूक कोणती घ्यावी? (पासली येथील भाषण)



इथं पासलीत भात-नाचणी, कोरडवाहू मुलखात ज्वारी-कापूस. रानडुक्कर मात्र दोन्हीकडं तेच. पोरं विचारतात, "हलकी, आखूड पॉइंट बावीसची बोल्टची रायफल घेऊ का?" नको. १९५९च्या शस्त्र कायद्यात ती रायफल क्लबातल्या नेमबाजीसाठी. पीकरक्षणाला ठासणीची बंदूक. ती पुरत नाही हे अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची. बावीसच्या गोळीनं डुक्कर सहसा मरत नाही, चवताळून अंगावर येतं. चुकलेली गोळी किलोमीटरपलीकडं जाते.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. कागदाविना झाडलेली गोळी शेतकऱ्यालाच आरोपी करते. म्हणून दोन्ही अर्ज गावानं मिळून करा.