तुकडा कशाचा?



२१ डिसेंबर १९१३ रोजीं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' पत्राच्या रविवारच्या पुरवणींत ऑर्थर विन यांनीं एक कोडें छापलें. आजच्या शब्दकोड्याचा जन्म तेथून मानतात. हा खेळ मराठींत आला तेव्हां एकेका घरांत काना-मात्रेसह आपलें सबंध अक्षर बसूं लागलें.

या कोड्यांत मला सर्वांत चकवितात तीं 'अमक्याचा तुकडा' अशीं सूत्रें. एकदां सूत्र होतें, 'भाकरीचा लहानसा तुकडा', घरें चार. मीं निःशंकपणें 'चतकोर' लिहिलें. शेवटचीं तीन अक्षरें उभ्या शब्दांशीं जुळलीं. पहिलें कांहीं केल्या जुळेना. अखेर भाकरी थापतां थापतां आमच्या घरांतून उत्तर आलें, "अहो, चतकोर म्हणजे पाव भाकरी. त्याहून लहान म्हणजे नितकोर." ३४ वर्षें मराठी शिकविलेल्या मास्तरानें 'च' खोडून मुकाट्यानें 'नि' लिहिला.

तेव्हांपासून मी एक रीत पाळतों. प्रथम विचारावें, अखंड वस्तु कोणती? मग विचारावें, ती फुटली, फाटली, तासली कीं चिरली? मडकें फुटलें तर खापर, कापड फाटलें तर चिंधी. लाकूड तासतांना निघते ती ढलपी, दगडाची उडते ती कपची. फळ चिरलें तर फोड, तांदूळ कांडतांना मोडला तर कणी. कागद फाडला तर कपटा. पण त्यावर दोन ओळी खरडल्या कीं त्याचें चिटोरें होतें. दोन्ही शब्द तीन अक्षरीच, म्हणून सूत्र पुरतें वाचल्यावांचून पेन्सिल उचलूं नये.

हे शब्द कोशांत सांपडतात खरे; पण ते घडले चुलीपाशीं, उखळापाशीं, सुताराच्या व पाथरवटाच्या हाताखालीं. माझा नातू या सर्वांना 'तुकडा' म्हणतो. मी त्याला दोष देत नाहीं. उखळ त्यानें पाहिलेलेंच नाहीं. दोष असलाच तर माझा. शाळेंत मुलांनीं 'मडक्याचा तुकडा' लिहिलें, तेव्हां मीं पुरे गुण दिले आणि 'खापर' हा शब्द सांगण्याची संधि दवडली.

आपण तसें करूं नये. घरांत कांहीं फुटलें-फाटलें, तर मुलांवर रागावण्यापूर्वीं त्या तुकड्याचें नांव त्यांना सांगावें. वस्तु गेली तरी तिचा शब्द घरांत राहील.