दुरुस्तीला दिलेला मोबाईल आणि हरवलेली छायाचित्रे



‘भ्रमणध्वनी’ असा एक भारदस्त शब्द आपल्याकडे आहे. पण आपण मोबाईलच म्हणू या.

पूर्वी घरात लग्नकार्य झाले की छायाचित्रकार अल्बम देई आणि निगेटिव्ह त्याच्याकडे किंवा आपल्या कपाटात राहत. अल्बम भिजला तरी नवी प्रत निघे. नकळत का होईना, दोन ठिकाणी जपणूक होत होती. आज हजारो छायाचित्रे नखाएवढ्या एका चिपमध्ये असतात आणि ती चिप बोर्डवर डाख देऊन पक्की बसवलेली असते.

माझ्या परिचयातील एका भगिनीच्या मातोश्रींचे निधन झाले. अखेरच्या आजारपणातील छायाचित्रे आणि आईच्या आवाजातील दोन चित्रफिती केवळ तिच्या मोबाईलमध्ये होत्या. पुढे चार्जिंग होईना, म्हणून तिने तो सेवाकेंद्रात दिला. तिसऱ्या दिवशी परत मिळाला तो नव्यासारखा, आणि नव्यासारखाच रिकामा. विचारणा केली तेव्हा पावतीवरील बारीक अक्षरांतील ओळ दाखवण्यात आली : आतील माहितीची जबाबदारी ग्राहकाची. खाली तिची सही होती. ती ओळ सही घेण्यापूर्वी तोंडाने सांगायला काय हरकत होती, असे मला आजही वाटते.

असे का घडते? सेवाकेंद्रात पुष्कळदा बारीक दुरुस्ती न करता सबंध बोर्डच बदलतात. कधी तपासणीसाठी मोबाईल ‘रीसेट’ करतात. जुन्या संगणकातून पुसलेली माहिती जाणकार मंडळी परत काढीत. परंतु २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून बहुतेक नव्या मोबाईलमधील माहिती सांकेतिक कुलपात असते, आयफोनमध्ये तर त्याही आधीपासून. रीसेट करताना त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. तेव्हा “पैसे द्या, सगळे काढून देतो” असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

नुसता पडदा किंवा बॅटरी बदलताना मात्र चिपला हात लागत नाही. पाण्याने बोर्ड बिघडला, पण चिप शाबूत असली, तर कुशल कारागीर तो बोर्ड तात्पुरता चालू करून छायाचित्रे काढून देऊ शकतो. म्हणून “मला मोबाईलपेक्षा छायाचित्रे हवी आहेत” हे वाक्य आधी बोलावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. त्यावरून कामाची दिशाच बदलते.

“आमची सगळी गूगलवर आपोआप जातात,” असे अनेकजण सांगतात. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता ईमेल धरून साधारण १५ जीबी जागा मोफत मिळते. ती भरली की नवी छायाचित्रे चढणे थांबते. तशी सूचनाही येते, आणि आपण ती बोटाने बाजूला सारतो. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. दिवंगत आप्तांची खाती ज्यांच्या घरी तशीच पडून आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

त्या भगिनीने पुढे सर्व नातलगांना निरोप धाडले. मावशीच्या आणि मामांच्या मोबाईलमध्ये, पूर्वी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली एकोणीस छायाचित्रे सापडली. ती थोडी अंधुक आहेत, कारण पाठवताना त्यांचा आकार लहान होतो. तिने ती कागदावर छापून घेतली आहेत. चित्रफिती कोणाकडेच नव्हत्या.