दिवा कोणाच्या हातात?

(शिवडी येथे मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



येत्या नाताळच्या अर्पणातून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सौर कंदील वाटावेत, असा विचार आपल्या मंडळीत चालला आहे. मी तीस वर्षे विजेच्या कामात काढली आणि निवृत्त झाल्यापासून मिशनच्या गाडीतून पाड्यांवर जातो. म्हणून या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे समितीने सांगितले.

कोळसा म्हणजे काय, हे शिवडीकरांना शिकवावे लागत नाही. हाजी बंदरावर कोळशाचे ढीग पडत, तेव्हा दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर आणि खिडकीच्या गजांवर काळी भुकटी बसे. आजही जेट्टीवर उभे राहिले की खाडीपलीकडे ट्रॉम्बेची धुराडी दिसतात. देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिट विजेतली सात युनिटे कोळशाचीच आहेत. पाड्यावर हेच जमिनीखालचे इंधन रॉकेल होऊन चिमणीत जळत आले. आई चुलीच्या धुरात आणि मूल चिमणीच्या धुरात, हे दृश्य मी पाहिले आहे. आता बऱ्याच ठिकाणी तारा पोहोचल्या आहेत, पण पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की दुरुस्तीला माणूस यायला आठवडा लागतो.

तेव्हा सूर्याची वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परमेश्वराने ऊन सगळ्यांना सारखे दिले आहे. पण ऊन सगळ्यांचे असले, तरी त्यापासून झालेली वीज सगळ्यांची होतेच असे नाही. आजचे माझे सांगणे एवढेच आहे, आणि त्याला आपल्याच घरातला पुरावा आहे.

आपल्या परळ-लालबागच्या गिरण्या आधी कोळशाच्या वाफेवर चालत. 1915 साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून घाटाखाली सोडायचे, त्याने चक्र फिरवायचे आणि ती वीज तारांवरून मुंबईला आणायची. म्हणजे धुराविना वीज मुंबईला शंभर वर्षांपूर्वीच मिळाली. आपल्या आजोबा-पणजोबांचे माग त्या विजेवर फिरले. त्या विजेची गरज वाढली, तेव्हा मुळशीला धरण बांधायचे ठरले. मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. 1921 मध्ये त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तरी धरण झालेच. गिरणीत धूर कमी झाला हे खरे, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या घरात तो दिवा लागला नाही.

1995 साली डहाणूला कोळशावरचे 500 मेगावॅटचे केंद्र सुरू झाले, तेव्हाही तसेच घडले. डहाणू हा वारल्यांचा तालुका. राख तिथे राहिली आणि वीज मुंबईच्या उपनगरांना मिळाली. इंधन पाणी असो की कोळसा, ओझे एकाच्या डोक्यावर आणि उजेड दुसऱ्याच्या घरात, ही रीत बदलली नाही.

ही रीत बदलू शकते, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावने दाखवले. धडगाव तालुक्यातले हे आदिवासी गाव. 2003 साली केरळहून आलेल्या तरुण तंत्रज्ञांच्या मदतीने गावकऱ्यांनी तिथल्या उदई नदीवर 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. नदीचे थोडे पाणी चर खणून वळवायचे, नळातून खाली सोडायचे, चक्र फिरले की पाणी पुन्हा नदीत. कोणाची जमीन बुडाली नाही. लोकांनी श्रमदान केले, आणि दीडशेहून अधिक घरांत दिवे लागले. ‘स्वदेस’ चित्रपट पाहिलेल्यांना त्यातला गावकऱ्यांनी बांधलेला वीज प्रकल्प आठवत असेल. त्याची प्रेरणा बिलगावची होती, असे सांगतात.

पुढे काय झाले, तेही ऐका. खाली नर्मदेवर सरदार सरोवराची उंची वाढत होती. 2006 च्या पावसाळ्यात फुगवट्याच्या पाण्याने बिलगावचे वीजघर बुडाले. ज्या धरणाने ते बुडवले, त्या धरणाची वीजसुद्धा धुराविनाच. त्या विजेत आपल्या राज्याचा वाटा 27 टक्के, आणि त्यासाठी महाराष्ट्रातली 33 गावे बुडिताखाली गेली, बहुतेक सगळी आदिवासींची. तीन वर्षे एका गावाने स्वतःचा दिवा स्वतः लावला होता. मोठ्या दिव्यासाठी तो विझला.

आणि हे पाण्यापुरतेच नाही. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली गेली, तिथे सौरऊर्जा व्हायची होती. पाच एकरांना सुमारे चार लाख मोबदला मिळाला. दाद मागून थकलेल्या त्या 84 वर्षांच्या माणसाने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले. आपल्याजवळच्या जे. जे. रुग्णालयात ते वारले. उन्हात दोष नव्हता. पण विचारल्याविना आणि योग्य मोल दिल्याविना घेतलेली जमीन उन्हासाठी घेतली म्हणून न्यायाची ठरत नाही.

आता आपल्या कंदिलांकडे येतो. वाटलेले कंदील मी पाड्यावर पाहिले आहेत. पहिली दोन वर्षे पोरे त्यांच्या उजेडात अभ्यास करतात. मग बॅटरी जाते. नवी कुठे मिळते, कितीला मिळते, कोण बसवतो, हे कोणाला माहीत नसते. कंदील खुंटीला राहतो आणि रॉकेल पुन्हा येते. दहा कुमारींचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. दिवे दहाही जणींकडे होते, फरक होता तो बरोबर घेतलेल्या तेलाचा. सौर दिव्याचे तेल म्हणजे बॅटरी आणि ती बदलू शकणारा माणूस.

म्हणून माझी विनंती अशी. चाळीस घरांच्या पाड्याला चाळीस कंदील देण्याऐवजी सगळ्यांचा मिळून एक संच देऊ या. एक किलोवॅटच्या पॅनेलला शंभर चौरस फूट छप्पर पुरते. चांगल्या उन्हात त्यातून दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज मिळते. चाळीस घरांत नऊ वॅटचा एकेक दिवा पाच तास लावला, तरी दोन युनिटांच्या आत काम होते. उरलेल्यातून मोबाइल चार्ज होतील आणि शाळेचा पंखा चालेल. पावसाळ्यात ऊन कमी पडते, तेव्हा दिवे आधी आणि पंखा नंतर, हे पाड्याने ठरवावे.

पण संच नेण्याआधी ग्रामसभेत बसू या. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मान दिला आहे, तो आपणही देऊ. संच कुठे बसवायचा, दर घरामागे महिन्याला किती रुपये डब्यात टाकायचे आणि किल्ली कोणाकडे, हे त्या लोकांनी सांगावे. त्या डब्यातून चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी येईल. पाड्यातलाच एक मुलगा आणि एक मुलगी दुरुस्ती शिकतील. शिकवायला मी तयार आहे. आपल्या मंडळीत वायरमन आहेत, आयटीआय झालेली मुले आहेत. त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा.

यात एक अडचण आहे, ती मोकळेपणाने सांगतो. कंदील वाटले तर नाताळला फोटो येतील आणि चाळीस पाड्यांची नावे अहवालात लागतील. या पद्धतीने यंदा एखादाच पाडा होईल, आणि ग्रामसभेने नको म्हटले तर तोही होणार नाही. अर्पण देणाऱ्यांना वर्षभर थांबावे लागेल. तरीही मी हाच मार्ग सुचवतो, कारण पाच वर्षांनी आपण तिथे गेलो नाही तरी तो दिवा लागला पाहिजे.

समितीची बैठक पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे. तोपर्यंत या गोष्टीचा विचार करा, प्रार्थना करा, आणि ज्यांना शनिवार देता येईल त्यांनी आपले नाव पाळकसाहेबांकडे द्यावे.