भ्रूणरोपणाचा दिवस आणि त्यानंतरचा पंधरवडा
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून एक कन्या जन्माला आली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. त्याआधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते. पण त्यांच्या हयातीत त्या कार्याला मान्यता लाभली नाही, आणि १९८१ साली त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. या शब्दामुळे मूल नळीत वाढते असा एक समज मात्र रुजला. वस्तुतः प्रयोगशाळेतील काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत केवळ स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचे मीलन होते. तयार झालेला भ्रूण बहुधा तिसऱ्या वा पाचव्या दिवशी गर्भाशयात सोडला जातो, किंवा उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पुढील एखाद्या महिन्यासाठी राखला जातो.

भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या या क्रियेस भ्रूणरोपण म्हणतात. तिच्याविषयी धास्ती फार, आणि क्रिया मात्र काही मिनिटांची. स्त्रीबीजे काढताना भूल द्यावी लागते. येथे बहुधा लागत नाही. पोटावरून सोनोग्राफी करावयाची असल्यास पाणी पिऊन लघवी रोखून यावयास सांगतात, कारण मूत्राशय भरलेले असले म्हणजे गर्भाशय स्पष्ट दिसते. अनेक स्त्रियांना सर्वांत अधिक त्रास होतो तो याच गोष्टीचा. टेबलावर घेतल्यावर नाव पुन्हा पुन्हा विचारले जाते. त्यात अविश्वास नसून, ज्याचा भ्रूण त्यालाच मिळावा याची ती खबरदारी असते. मग एक मऊ, बारीक नळी गर्भाशयाच्या मुखातून आत जाते आणि थेंबभर द्रवासह भ्रूण तेथे सोडला जातो. पडद्यावर जो पांढरा ठिपका चमकतो, त्याला पतिपत्नी भ्रूण समजून हात जोडतात. तो खरे तर द्रवाचा व हवेच्या बुडबुड्याचा असतो. शेवटी भ्रूण नळीतच अडकून राहिला नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतात.

यानंतरचा काळ खरा कठीण. ‘उठू नकोस, जिना चढू नकोस, शिंकसुद्धा जपून दे,’ अशा सूचनांचा घरात वर्षाव होतो. त्यांमागे माया असते, शास्त्र नसते. गर्भाशय ही पोकळ पेटी नव्हे. त्याच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्या ओलसर अस्तरांमध्ये टाचणीच्या टोकाएवढा भ्रूण सुरक्षित असतो. चालल्याने, खोकल्याने वा लघवीस गेल्याने तो गळून पडत नाही. अंथरुणात पडून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. नेहमीची हलकी कामे चालतात. अवजड ओझी उचलणे मात्र टाळावे.

गर्भ न राहिल्यास ‘हिने काळजी घेतली नाही’ असा ठपका ठेवला जातो, तो म्हणूनच अन्यायाचा आहे. अपयशाचे एक मोठे कारण भ्रूणातील गुणसूत्रांचा दोष हे असते, आणि स्त्रीचे वय वाढते तसे त्याचे प्रमाणही वाढते. शिवाय वंध्यत्वाच्या कारणांत पुरुषाचा वाटा मोठा असतो. वीर्यतपासणी सोपी व स्वस्त, तरी ती सर्वांत शेवटी होते. तोवर सुनेला हळदीकुंकवाला आणि डोहाळजेवणाला बोलावणे बंद झालेले असते. शिकलेली घरेही याला अपवाद नाहीत.

प्रोजेस्टेरॉनची औषधे मनाने बंद करू नयेत. त्यांच्यामुळे छाती दुखणे, पोट फुगणे, मळमळ असे गर्भारपणासारखेच त्रास होतात. त्यांवरून अनुमान काढण्यात अर्थ नाही. किंचित रक्तस्रावावरूनही नाही. निर्णय होतो तो सुमारे दहा ते चौदा दिवसांनंतरच्या रक्ततपासणीने. परंतु पोट एकाएकी फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे किंवा तीव्र वेदना ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. उपचार केंद्र नोंदणीकृत असावे लागते. यशाची शक्यता, खर्च आणि जुळ्यातिळ्यांच्या गर्भासारखे धोके समजावून सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. संमती लेखी हवी, आणि भ्रूण गर्भाशयात सोडला जाईपर्यंत ती मागे घेता येते. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते. हमखास मुलगा होईल असे सांगणारा गुन्ह्याचीच भाषा बोलत असतो.

शाळेतील एखाद्या शिक्षिकेने किंवा कार्यालयातील कर्मचारी भगिनीने या पंधरवड्यात रजेचा अर्ज दिला, तर कारण खोदून विचारण्याची गरज नाही. तपासणीचा निकाल तिला कळेल, तेव्हा तो कोणाला सांगावयाचा हे तीच ठरवील.