काय विकलें, काय राखलें?



'निर्गुंतवणूक' हा शब्द उच्चारावयास जड असला, तरी त्यामागील व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. बीडच्या मोंढ्यांत एखाद्या व्यापाऱ्याची आडत आहे, आणि शिवाय जिनिंगही आहे. त्यानें आडत राखून चालती जिनिंग दुसऱ्यास दिली, तर ती निर्गुंतवणूक होय. माल विकला, पैसे घेतले, कीं तेथें संबंध संपतो. चालत्या धंद्याबरोबर मात्र यंत्रें, नांव, येणें, देणें आणि माणसें हीं सर्व असतात. म्हणून अशा करारांत किंमतीच्या आंकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, कीं काय गेलें आणि काय राहिलें?

एअर इंडियाचें उदाहरण पाहा. २७ जानेवारी २०२२ रोजीं सरकारनें ती टाटा समूहाच्या स्वाधीन केली. बोली १८,००० कोटि रुपयांची होती. परंतु त्यांपैकीं रोख केवळ २,७०० कोटि, आणि उरलेले १५,३०० कोटि म्हणजे खरेदीदारानें पत्करलेलें कर्ज. बाकीचें कर्ज व बऱ्याचशा जमिनी-इमारती सरकारच्या निराळ्या कंपनीकडे राहिल्या. एक वर्षपर्यंत कोणाही नोकरास काढूं नये, अशीही अट होती. ही अट कागदावर आली, म्हणूनच तिला बळ आलें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. येथून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडणीस बाहेर पडतात. कारखाना वाहतूकदारास आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमास देतो, आणि मुकादमाकडून तोडणी करणारें जोडपें उचल घेतें. समजा, उचल वांटली गेली आणि गळीत सुरू होण्यापूर्वींच कारखाना विकला गेला. मग ती उचल कोणाचें येणें? मागील हंगामाचें राहिलेलें तोडणीचें बिल कोणीं द्यावयाचें? जुना मालक नव्याकडे बोट दाखवील, नवा जुन्याकडे.

हजेरीपटावरील कामगारास कायद्याचा आधार आहे. मालक बदलतांना नोकरींत खंड पडला किंवा तिच्या अटी घटल्या, तर वर्षभर सेवा झालेल्या कामगारास भरपाई मिळावी, हें तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत पुढें घातलें गेलें, व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतही तें कायम आहे. परंतु कोयता घेऊन फडांत उतरणाऱ्याचें नांव बहुधा त्या हजेरीपटावर नसतें.

म्हणून कारखाना विकतांना करारासोबत तीन याद्या अवश्य जोडाव्या: शेतकऱ्यांच्या उसाचें देणें, तोडणी-वाहतुकीचें देणें, आणि वांटलेली उचल. प्रत्येक रकमेपुढें ती कोणीं द्यावयाची वा वसूल करावयाची, हें स्पष्ट लिहावें. सभासदांनीं विक्रीच्या ठरावावर हात वर करण्यापूर्वीं या याद्या मागून घ्याव्या. सह्या होऊन गेल्यावर त्या मिळविण्यास कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात.